पंधरा मिनिटांचे चौकोन

४ फेब्रुवारी, मंगळवार

हा कागद कसा भरायचा ते मला काही केल्या कळत नाहीये. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, पंधरा-पंधरा मिनिटांचे चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात लिहायचं — काय काम केलं. असं आठवडाभर! मोठ्या गटाच्या बाईंनी आज सगळ्यांना वाटले. (त्यांच्या गळ्यात कायम शिट्टी असते, म्हणून माझ्यापुरतं त्यांचं नाव शिट्टीबाई.) वेतन समितीपुढे ठेवायचे आहेत. शाळेतल्या शिक्षकांना जी पगाराची श्रेणी आहे, तीच बालवाडीतल्या आम्हाला मिळावी, ही मागणी. सह्या झाल्या, निवेदनं झाली, मोर्चात घसा बसेपर्यंत ओरडून झालं. आता म्हणे पुरावा द्या.

"मोठ्या गटाचं काही अडणार नाही," शिट्टीबाई म्हणाल्या. "ती मुलं अक्षरं गिरवतात, ते दिसतं. खरी लढाई तुमच्या लहान गटाची. दोन-तीन वर्षांच्या मुलांना कुठे काय शिकवतात, नुसतं सांभाळतात — असं समितीचं म्हणणं आहे. तुमचा तक्ता चांगला झाला पाहिजे."

म्हणजे सगळं माझ्यावर आलं! चौदा वर्षं लहान गट माझ्याकडेच आहे. पण थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

५ फेब्रुवारी, बुधवार

भरला. सव्वानऊ — गाणं. साडेनऊ — लाल रंग. पावणेअकरा — गोष्ट. साडेतीन — मोठे मणी ओवणं.

मधले चौकोन रिकामे. मग मधे मी काय हातावर हात ठेवून बसले होते? नाही. मग काय करत होते? आठवत नाही बुवा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नवऱ्याने तक्ता पाहिला. "तुझा दिवस दोन तासांचा आहे? मग घरी आल्यावर मेल्यासारखी का पडतेस?"

तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्यांच्याकडे पेचकस उचलला की वेळ मोजायला सुरुवात. लिफ्ट उघडून नुसतं आत बघत उभं राहिलं तरी ते काम! म्हटलं, तुझी लिफ्ट रडत नाही, कडेवर घ्या म्हणत नाही. म्हणाला, "रडली तर जादा लावू."

हसले. मग कागद घेऊन परत बसले आणि एकही चौकोन वाढला नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

साहेबीण येऊन गेली. साहेबीण म्हणजे माझी धाकटी बहीण. हे नाव फक्त या वहीत, तोंडावर म्हणायची माझी छाती नाही. तिची मुलगी ठकी, अडीच वर्षांची, माझ्याच गटात आहे. ठकी मला मावशी म्हणते. तिचं ऐकून बाकीची दहाच्या दहा मुलं मावशी म्हणायला लागली. आधी बाई म्हणायची.

चप्पल काढता काढताच तिने विषय काढला. "तुमचे पगार वाढले की आमची फी वाढणार ना?"

वाढणार. शिट्टीबाईंनी आम्हाला ते आधीच सांगितलंय — निम्मा भार सरकार उचलणार, निम्मा फीमधून येणार.

"मग मला ठकीला काढावं लागेल. आणि तिला काढलं तर मला घरी बसावं लागेल. तुला काय वाटतं, मला किती मिळतात?"

मला काय वाटायचं? पदवी आहे, गार हवेचं ऑफिस आहे, गळ्यात फोटोचं ओळखपत्र आहे. बाहेर गेलो की 'तू राहू दे, मी देते' असं म्हणून पैसे तीच देते, आणि मला दरवेळी ते लागतं. घरी एकीच्याच कॉलेजपुरते पैसे होते. मी थोरली, मी कामाला लागले, ती शिकली. मी कधी बोलून दाखवलं नाही. म्हटलं, "फीचं काय ते बघू."

"बघू काय! आणि तसं तुम्ही करता तरी काय गं? गाणी म्हणता, भरवता, झोपवता. ते मीही करते घरी. मला कोण देतं श्रेणी?"

मला राग आला, आणि ती म्हणाली ते खरंही वाटलं. दोन्ही एकदम. एवढ्यात ठकीचं नाक वाहायला लागलं, ते मी पुसलं. आपलेच दात, आपलेच ओठ.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ठकी सकाळी दारात वीस मिनिटं रडली. साहेबीण मागे न बघता गेली. तक्त्यात काही लिहिलं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

शिट्टीबाईंनी तक्ते गोळा केले. माझा बघितला आणि मला खेळण्यांच्या खोलीत नेलं. दार लावलं.

"हे काय आहे? हात दाखवून अवलक्षण! आठ ते सव्वानऊ काय करत होता तुम्ही?"

"मुलं येतात तेव्हा."

"येतात म्हणजे?"

"रडतात."

"आणि तुम्ही?"

"घेते."

"मग लिहा ना तसं!"

कसं लिहू? 'घेतलं'? समितीतले लोक हसतील. शिट्टीबाईंनी पेन हातात दिलं आणि सगळे दिवस आठवून पुन्हा भरा म्हणाल्या. आठवून भरलेलं खरं म्हणायचं की खोटं? कधी कुणाचं कितव्यांदा ओलं झालं, हे मी शपथेवर सांगू शकत नाही.

आणि एक तर लिहिताच आलं नाही. आमच्याकडे एक चावरा आहे. चावायच्या आधी त्याचा डावा कान लाल होतो. कान लाल व्हायला लागला की मी त्याला ओला रुमाल देते चावायला आणि शेजारच्या मुलीला पाण्याच्या बादलीकडे नेते. झालं. कुणी चावत नाही, कुणी रडत नाही. म्हणजे काहीच घडलं नाही! जे घडलंच नाही ते कुठल्या चौकोनात घालू? शिट्टीबाईंना विचारलं. म्हणाल्या, "हे समितीत बोला. अस्संच बोला." मी हो म्हटलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बोलले नाही. सगळं घालवलं!

लांबच लांब टेबल, पलीकडे तिघं. मधले साहेब सभ्य होते, उगाच का नाव ठेवू. पाणीसुद्धा विचारलं. माझे दोन्ही तक्ते त्यांच्यापुढे — आधीचा आणि नंतरचा. आधीचा फाडून टाकायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, दोन्ही एकाच फायलीत लावून दिले होते. कागद फाडायचा नसतो, एवढंच कळतं मला.

"बाई, पहिल्यात दोन तास काम आहे. दुसऱ्यात नऊ. तुमचा स्वतःचा कुठला?"

"दोन्ही माझेच."

"मुलं दुपारी झोपतात तेव्हा तुम्ही काय करता?"

"काही नाही साहेब. बघत बसते."

"आणि हे भरवणं, कपडे बदलणं, कडेवर घेणं?"

"ते काय काम आहे का साहेब! ते आपोआप होतं."

शपथ, असंच म्हणाले! तोंडातून बाहेर पडल्यावर ऐकू आलं. नम्रपणा म्हणून बोलले. घरी कुणी 'किती राबतेस' म्हटलं की 'छे हो, त्यात काय' म्हणतो ना आपण, तसं. त्यांनी ते लिहून घेतलं.

"मुलं तुम्हाला काय म्हणतात?"

"मावशी."

तेही लिहिलं. कानाचं सांगायचं राहूनच गेलं.

बाहेर आल्यावर शिट्टीबाई मला मागे टाकून भराभर निघून गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

या मागणीत एकोणीस बालवाड्यांतल्या लहान गटाच्या बायका आहेत. त्या सगळ्यांचं मी वाटोळं केलं. नवरा म्हणतो, तुझ्या एकटीच्या बोलण्याने काही होत नसतं. मग पगार तरी माझ्या बोलण्याने कसा वाढणार होता?

आणि मनाच्या एका कोपऱ्यात — लिहूनच टाकते — हायसं वाटलं. आता फी वाढणार नाही, ठकी राहील. याची लाजही वाटली. मला नक्की काय हवंय? तळ्यात की मळ्यात?

२४ फेब्रुवारी, सोमवार

समितीने एक बाई पाठवली, प्रत्यक्ष बघायला. दिवसभर बसणार, चौकोन स्वतः भरणार. तरुण, इस्त्रीचे कपडे, मांडीवर कागद लावलेली पाटी, हातात घड्याळ. आमच्याकडे मोठी खुर्ची नाही. मुलांच्या खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून बसली बिचारी.

आधी ती लिहीत होती, मी घाबरत होते. मी सारखं मोठ्याने बोलत होते, 'आता आपण हात धुऊया, हात धुताना काय शिकतो बरं?' — नाटकीच. मुलंही बावरली. मग चावऱ्याचा कान लाल झाला आणि मी नाटक विसरले. रुमाल, बादली, नेहमीचं सगळं. तिने विचारलं, "त्या मुलीला मधेच का उठवलंत?" सांगितलं. तिने कानाकडे निरखून पाहिलं. तोवर कान पुन्हा नेहमीसारखा!

दुपारी झोपायच्या वेळी ठकी सरळ तिच्याकडे गेली आणि मांडीवर चढली. पाटी खाली पडली. मी उचलायला धावले, तर ठकीचे डोळे मिटायला लागले होते. हातानेच खूण केली — हलू नका! दीड तास ती बाई हलली नाही. पाय आखडले, कपाळावर घाम आला. पाटी तिच्या हातापासून वीतभर लांब. मी बाकीच्यांना थोपटत फिरत होते. एकीची उशी, एकाचं पांघरूण, दोघांचं भांडण.

ठकी उठल्यावर तिने पाटी घेतली. दीड तासाचे सगळे चौकोन कोरे. "यात मी काय लिहू?" अगदी माझ्याच आवाजात म्हणाली.

म्हटलं, "बाई, ते मला माहीत असतं तर एवढी भानगड झाली असती का!"

ती हसली नाही. लंगडत गेली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

साहेबीण ठकीला घ्यायला आली तेव्हा म्हणाली, "तुमचं काय झालं?" म्हटलं, माहीत नाही. "झालं तर मला आधी सांग," म्हणाली. आवाज कसातरीच होता. मी विचारलं नाही. तिच्या शेजारी दुसऱ्या मुलांच्या आया उभ्या होत्या.

४ मार्च, मंगळवार

मंजूर! लहान गटासकट!

शिट्टीबाई पटांगणातून धावत आल्या आणि शिट्टीच वाजवली; मुलं भराभर रांगेत उभी राहिली. मग मला अहवाल दाखवला. त्या तरुण बाईने लिहिलं होतं: 'दुपारी १.४० ते ३.१० — एक मूल माझ्या मांडीवर झोपले होते. मला दुसरे कोणतेही काम करता आले नाही. या वेळात शिक्षिकेने दहा मुले सांभाळली.' शिक्षिका! पाच-सहा वेळा वाचलं. सांभाळली असंही लिहिलंय आणि शिक्षिका असंही. म्हणजे शेवटी काय ठरलं? मला अजून नीटसं कळलेलं नाही, पण रडू आलं. शिट्टीबाईंनी पाठीवर थोपटलं.

फी पुढच्या महिन्यापासून वाढणार. ज्यांना झेपणार नाही त्यांच्यासाठी सवलत आहे, अर्ज करायचा. साहेबिणीला फोन केला. "अभिनंदन," म्हणाली. मी म्हटलं, "तुला काय, तुझं निभेल." 'हं' म्हणाली आणि ठेवला. रागावली असेल. रागावू दे, एवढी वर्षं मी कधी तिच्यावर रागावले का? असा विचार आला आणि मग दिवसभर चैन पडलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

मुख्य बाईंनी लहान गटाचे सवलतीचे अर्ज तपासायला दिले. सगळे कागद जोडलेत ना, एवढंच बघायचं. चौथा अर्ज ठकीचा. मागे साहेबिणीच्या पगाराची पावती.

तीनदा वाचली. माझ्यापेक्षा कमी. नुसत्या नव्या पगारापेक्षा नाही — जुन्यापेक्षाही.

'कागद पूर्ण' असं लिहून सही केली. पाच वाजता ती आली. मी खाली बसून ठकीचे बूट घालत राहिले. वर बघवलंच नाही.