अंतिम सामन्याआधीची निरवानिरव

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकोणतीस, धंदा पूर्वी फुटबॉल व सध्या सामन्यांचे समालोचन, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो. अशा कागदात ‘शरीराने व मनाने धडधाकट’ असे लिहायची रीत आहे. डॉक्टरांनी दाखल्यावर फक्त मनाचे लिहिले. शरीराचेही लिहा म्हटले तर म्हणाले, “खोटा दाखला मागतोस, म्हणजे डोकं नक्की ठिकाणावर आहे.”

माझ्या हृदयाचा स्नायू जाड झाला आहे. त्यापायी माझा खेळ बंद झाला. तेव्हा डॉक्टर धावू नको म्हणाले होते, आता ओरडूही नको म्हणतात. छातीत यंत्र बसवण्याची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे आणि अंतिम सामना उद्या. उद्याचे काम पसंत पडले तर वाहिनी मला कायम करील. नाही गेलो तर दुसरा माजी खेळाडू टपून बसलेलाच आहे. माझी शाळा नववीत सुटली. मला दोनच कामे येतात, खेळणे आणि खेळाविषयी बोलणे. पहिले गेले. म्हणून उद्या मी जाणार, आणि म्हणून आज हे लिहितो.

१. राहते घर, स्वकष्टार्जित, माझ्या पश्चात पत्नीला मिळावे. स्वयंपाकघराची खिडकी दमट हवेत अडकते. ती खालून ढकलावी. हे मी दर वेळी सांगतो आणि ती दर वेळी वरून ढकलते.

२. बँकेतील बचत तिलाच. आईला दरमहा पाठवतो ते तिने थांबवू नये. थांबवणार नाहीच, पण लिहिलेले बरे.

३. माझे खेळाचे बूट आईकडे आहेत. ती ते अजून पुसून ठेवते. कोणी मागितले तरी तिच्याकडून घेऊ नयेत.

४. मोठा टीव्ही मेहुण्यांना द्यावा. मी खेळत होतो तेव्हा ते विचारायचे, “लाथा मारून किती दिवस पोट भरणार?” समालोचन सुरू केल्यावर म्हणाले, “आता तोंडाची वाफ दवडून भरणार का?” या टीव्हीचा आवाज बंद करता येतो.

५. शब्दकोश स्टुडिओतील सूत्रसंचालकांना. एकदा मी ‘निर्विवाद’ या शब्दावर अडखळलो, तेव्हा त्यांनी प्रक्षेपण चालू असतानाच हसत तो पूर्ण केला. तेव्हापासून मी प्रत्येक शब्द पाहूनच बोलतो व लिहितो. माझा त्यांच्यावर राग नाही. थोडा आहे.

६. समालोचकाच्या पुढ्यात खोकल्याचे बटण असते. ते दाबून धरले की आपला आवाज बाहेर जात नाही. उपांत्य सामन्यात पेनल्टीच्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मी बटण दाबले आणि कपाळ टेबलावर टेकले. शेजारी आमचे ज्येष्ठ समालोचक आप्पा होते. तेही क्षणभर घाबरून गप्प झाले, मग त्यांनी एकट्याने सामना ओढला. दुसऱ्या दिवशी वाहिनीच्या साहेबांचा फोन आला, “पेनल्टीआधीची ती शांतता फार सुरेख जमली. फायनललाही तसंच करा.”

उद्या मी पुन्हा तसा टेकलो, तर आप्पांनी माझे बटण दाबून ठेवावे व बोलत राहावे. घरी पत्नी बघत असेल. तिला ते टीव्हीवरून कळू नये.

७. मला मरायची भीती वाटते. हे कोणत्या कलमात घालतात ते वकिलांनी सांगितले नाही.

८. साक्षीदार. ज्याला मिळकत मिळणार, त्याने साक्षीदार व्हायचे नसते. झाला तर त्याचा हिस्सा बाद होतो. म्हणून आप्पांना व शेजारच्या शिंप्याला बोलावले आहे.

यापुढचा मजकूर नंतर लिहिला आहे.

शिंपी यायच्या आत पत्नीने कागद उचलला, उभ्यानेच शेवटपर्यंत वाचला आणि साक्षीदाराच्या पहिल्या ओळीवर सही केली.

“सूनबाई, तुम्ही नाही,” आप्पा म्हणाले. “घर हातचं जाईल.”

“माहीत आहे. वकिलांकडे मीही बसले होते.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तू गेल्यावर मी भांडू कोणाशी, भिंतींशी? जा उद्या. मला काही मिळणार नाही एवढं लक्षात ठेवून जा.”

मी म्हणालो, दुसरा कागद करतो.

“कर. त्यावरही सही करीन.”

मग आप्पांनी साहेबांचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. “बोल बाबा. मला पुन्हा तुझं डोकं टेबलावर बघायचं नाही.”

मी हृदयाचे सांगितले. ती शांतता कशाची होती तेही सांगितले. साहेब म्हणाले, “बरं. कळवतो.”

काम गेले असे मी धरून चालतो. शस्त्रक्रियेपर्यंत आणि नंतरही आम्ही कशावर जगणार, ते मला माहीत नाही. पत्नीला विचारले. ती म्हणाली, “मलाही माहीत नाही. पण विचारायला तू असशील.”

साक्षीदार:
१. पत्नी. सही केली आहे.
२. आप्पा. सही करत नाहीत.

लिहून ठेवणार: जागा मोकळी ठेवली आहे.

स्थळ: आमचे स्वयंपाकघर.
दिनांक: अंतिम सामन्याचा आदला दिवस, संध्याकाळ. फोन अजून आलेला नाही.