पडत्या बाटलीचा साक्षीदार

कर्वेनगर, पुणे
नोव्हेंबर २००४

तीर्थरूप रावसाहेब मामांस,
चेतनचा सविनय जयभीम.

लोणी काळभोरला तुम्ही आणि इंदुमामी खुशाल असाल असं धरून चालतो. मामींचा खोकला कमी झाला का? दारातल्या शेवग्याला या वर्षी तरी शेंगा धरल्या का? मी इकडे धडधाकट आहे, आणि बाकीचं पत्र वाचताना तेवढं लक्षात ठेवावं ही विनंती. (फोन करणार होतो, पण फोन मामी उचलतात. त्यांनी नुसतं 'हं, बोल' म्हटलं की मी सगळं खरं सांगून मोकळा होतो आणि मग त्या मधेच फोन ठेवतात. म्हणजे तुमच्यापर्यंत अर्धंच पोचतं, आणि तेही वाईट अर्धं.)

तुमच्या शब्दावर दिगंबर सरांनी मला त्यांच्या विज्ञान छंदवर्गात घेतलं त्याला महिना होत आला. तुम्ही ज्यांच्या प्रयोगशाळेत सबंध नोकरी केलीत ते सर निवृत्तीनंतरही तसेच आहेत, कमी बोलतात आणि बोललेलं लागतं. पहिल्याच दिवशी शिक्षण विचारलं. मी सांगितलं, बारावी दोनदा, कॉम्प्युटरचा कोर्स अर्धा, कॉल सेंटरचं ट्रेनिंग पाऊण. सर म्हणाले, "पूर्ण असं काही?" मी म्हणालो, "डबा रोज पूर्ण संपवतो, सर." त्यावर माझ्याकडे भिंतीकडे बघावं तसं बघत ते म्हणाले, "रावसाहेबांचा भाचा म्हणून ठेवतोय. कायम करायचं की नाही ते पालकांसमोर एक प्रयोग करून दाखवलात की ठरवू." म्हणजे मामा, टांगणीला नुसता मी नाही, तुमचा शब्दही आहे.

आता इथले पालक म्हणजे सगळे आयटीवाले. त्यांची मुलं मुलखाची चौकस. तेजस नावाच्या एका पोराने विचारलं, पृथ्वीवर वजन नाहीसं करता येतं का? मी म्हणालो, "का नाही?" (हे माझं नेहमीचंच. 'नाही' म्हणायला अभ्यास लागतो.) सरांनी मग मला बसवून समजावलं. पृथ्वी आपल्याला सतत ओढते आणि जमीन खालून अडवते, त्या अडवण्यालाच आपण वजन समजतो. जमीन काढून घ्या, ओढ तशीच राहते पण वजन जाणवत नाही. अंतराळातले लोक तरंगतात ते ओढ संपली म्हणून नव्हे. ते आडव्या वेगाने जात सतत पडत असतात आणि पृथ्वी गोल, म्हणून जमीन लागतच नाही. मला एकदम बरं वाटलं. बारावीपासून मीही तेच करतोय, त्यांना फक्त पोशाख मिळतो.

झालं, डोक्यात किडा शिरला. सर म्हणाले होते, लिफ्ट खाली निघते त्या क्षणी वजन थोडं घटतं. तेव्हा मी मंडईत बायडाबाईंकडून तराजू उसना घेतला (तिथे मी आठ दिवस हमाली शिकत होतो, तेव्हाची ओळख), किलोभर वांगी घेतली आणि कल्याणीनगरच्या एका उंच इमारतीत गेलो. तिथे आपला सुखदेव सिक्युरिटीला आहे. एका पारड्यात किलोचं वजन, दुसऱ्यात वांगी, असा तराजू दुपारभर लिफ्टमधून वरखाली केला. काटा हलेना. पृथ्वीने माझ्यापुरता नियम बदलला की काय, असंही वाटून गेलं. मग उजेड पडला, की वांगी हलकी होतात तेव्हा किलोचं वजनही तितकंच हलकं होतं! स्प्रिंगचा काटा हवा होता. तोवर लिफ्टमधली गळ्यात कार्ड घातलेली मंडळी भाव विचारायला लागली होती. एक मुलगी म्हणाली, "तुम्ही सेव्हन्थ फ्लोअरला पण येता का?" अर्धा किलो वांगी तिथेच खपली. सुखदेव म्हणाला, "चेतन, हाच धंदा कर, बाकी सोड."

ऐकलं असतं तर बरं झालं असतं. पण सरांनी स्वतःच मला सोपा प्रयोग दिला. पाण्याच्या बाटलीला बुडाजवळ भोक पाडायचं. हातात धरली की धार लागते. झाकण काढून उंचावरून सोडली की बाटली आणि पाणी बरोबरच पडतात, कुणाचा भार कुणावर नाही, आणि पडता पडता धार बंद! म्हणजे घरबसल्या वजनरहित अवस्था. धार लांबून दिसावी म्हणून पाण्यात निळा रंग घालायचं मात्र माझ्या डोक्यातून निघालं. दुकानदाराने विचारलं, "कपड्यांसाठी का?" समजावत कोण बसणार, मी हो म्हणालो. त्याने इमानदारीत कपड्यांचाच दिला.

रविवारी सगळे जमले. मी गच्चीवर, पालक अंगणाच्या कडेला, आणि सर अगदी मध्यभागी, फरशीवर आखलेल्या वर्तुळापासून हातभर अंतरावर, कारण निरीक्षण जवळून करावं असं त्यांचं मत आहे. पांढरा सदरा घातला होता. मी बाटली सोडली. मामा, प्रयोग शंभर टक्के यशस्वी झाला असणार, कारण धार चालू राहिली असती तर थोडं पाणी वाटेत सांडलं असतं. थेंबही न सांडता सगळं खाली पोचलं, सरांच्या पायाशी फुटलं आणि खालून वर आलं. खालून येणाऱ्या पाण्याला छत्रीही उपयोगी नाही.

मग सर निळ्या चष्म्यातून वर पाहून म्हणाले, "आपण आता खाली येण्याची कृपा कराल का?"

खाली सभा भरलीच होती. वर्गातल्या मैत्री नावाच्या मुलीची आई पूर्वा मॅडम म्हणाल्या, "सर, पण बेसिकली पाणी पडलंच ना?" तेजसचे वडील अनिरुद्ध यांच्याकडे हँडीकॅम होता, त्यात सगळा वेळ तेजस होता. बाकीच्यांच्या डोळ्याची पापणी लवेपर्यंत खेळ आटोपला होता. मी सरांना विनवलं, तुम्हीच सांगा धार थांबली म्हणून. सर म्हणाले, "मी पाणी येताना पाहिलं, थांबताना नाही." मी म्हणालो, सगळं तुमच्याच अंगावर आलं हाच तर पुरावा! कानातला रंग पुसत ते म्हणाले, "तो निष्कर्ष झाला. मी निरीक्षण विचारतोय." असा माणूस असतो का मामा? स्वतःच्या प्रयोगाच्या बाजूने एक शब्द बोलेना!

तेव्हा नोकरी अजून आहे, पण ती सध्या खाली पडते आहे एवढंच. मामींना नमस्कार, शेजारच्या गेनबा आबांना जयभीम.

तुमचा भाचा,
चेतन

ता. क. : मुख्य गोष्ट राहिली. येत्या रविवारी प्रयोग पुन्हा आहे आणि वर्तुळापाशी उभं राहायला कुणी तयार नाही. सर पालकांना म्हणाले, "मी एका माणसाला ओळखतो, तो दिसलं तेवढंच सांगतो. रावसाहेब थांबलं म्हणाले तर थांबलं." पालकांनी मान्य केलंय. तेव्हा सकाळच्या बसने या.

ता. क. दोन : येताना जुना सदरा घाला. रॉकेलने जात नाही, लिंबाने जात नाही.

ता. क. तीन : धार थांबलेली दिसली नाही तर स्पष्ट तसं सांगावं, भाच्याचा विचार करू नये. (ही ओळ सरांनी शेजारी उभं राहून लिहून घेतली.)

ता. क. चार : सर चहा टाकायला आत गेले आहेत. मामा, थांबली असंच म्हणा. आणि नंतर मला बाजूला घेऊन खरं काय ते सांगा, कारण बाटली सोडताना भीतीने माझे डोळे मिटले होते, आणि ती खरंच थांबते का हे मला फार जाणून घ्यायचं आहे.