झाकणाभोवतीच्या पाकळ्या

विश्रांतवाडी, पुणे
गुरुवार, ३० ऑक्टोबर २०२५

चि. दत्तप्रसाद यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुम्ही सगळे मजेत असालच. निशाच्या चकल्या पोचल्या, खुसखुशीत झाल्या होत्या. अक्षर वाकडं दिसेल, त्यावर हसू नकोस. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र.

आमच्या गल्लीतलं ड्रेनेजचं चेंबर जुलैपासून उघडं आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून शेजारच्या प्रियदर्शनीने त्यात झाडाची फांदी खोचली आहे. वाळली की नवी खोचते. सध्या चौथी चालू आहे. आमच्या गल्लीत एवढंच वृक्षारोपण झालं.

मी महापालिकेकडे दोनदा तक्रार केली. दोन्ही वेळा ‘निवारण झाले’ असा मेसेज आला. सप्टेंबरात तुमच्या कार्यालयात गेले, तेव्हा तू साइटवर होतास. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, “मॅडम, सिस्टीममध्ये तक्रार क्लोज दिसतेय.”

मी म्हटलं, “मग सिस्टीमलाच एकदा आमच्या गल्लीतून चालवून आणा.”

त्यांनी चहा मागवला. माझ्यासाठी नव्हे.

तिसरी तक्रार प्रियदर्शनीने केली, वसुबारसेच्या दुसऱ्या दिवशी. पाडव्याला तीही बंद झाली, या वेळी पुराव्याच्या फोटोसकट. नवंकोरं झाकण, खाली तुझं नाव आणि हुद्दा. ती पोर म्हणाली, “काकू, हे आपल्या गल्लीतलं नाहीच. पण कुठलं आहे?”

मी तिला सांगितलं नाही. मला मात्र बघताक्षणी कळलं होतं. तुमच्या दारात अंगण नाही, म्हणून निशा रस्त्यावरच्या झाकणाभोवतीच रांगोळीच्या पाकळ्या काढते, झाकण म्हणजे फुलाचा मधला गोल. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मीच तिला ते शिकवलं. फोटोत कडेला तीन पाकळ्या आल्या आहेत, दत्ता. तू उंबऱ्यातूनच फोटो काढलास. चप्पलसुद्धा घातली नसशील.

भाऊबीजेला मी आले नाही. ताप आहे म्हणून कळवलं, ते खोटं होतं. आदल्या दिवशी तो फोटो पाहिला होता, आणि तुला ओवाळायला माझा हात उचलला नसता.

तसाही तो उचलत नाही. तक्रारीत प्रियदर्शनीने लिहिलं होतं, ‘एक ज्येष्ठ महिला पडून जखमी झाल्या आहेत.’ तू ते वाचलंही नसशील. ती ज्येष्ठ महिला मी. वसुबारसेच्या संध्याकाळी फांदी कुणीतरी काढून टाकली होती आणि रस्त्यावरचे दिवे बंद होते. उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर आहे. हे पत्र डाव्या हाताने लिहितेय, आज चौथा दिवस. त्या पाण्याचा वास अजून नाकातून गेलेला नाही. खूप राग आलाय मला तुझा. रडूही आलं, ते झालं रडून.

आता एक माझी चूक सांगते. शाळेत तू गृहपाठ न करताच वहीत ‘झाला’ लिहायचास, आणि खाली नानांची सही मी ठोकायचे. हुबेहूब! नाना गेले, पण शेवटपर्यंत त्यांना कळलं नाही. तुला मार बसू नये, एवढंच मला दिसायचं. तू अजून तेच लिहितोयस, आणि ती सवय माझ्याच सहीने लागली, हे मला गटारात पडल्यावर कळलं. उशिराच म्हणायचं.

सोमवारी तुमच्याकडे लोकशाही दिन आहे. तक्रार मांडायला मी नाव नोंदवलंय, अकरावा नंबर. फोटो मोठा छापून घेतलाय. तुझे वरिष्ठ समोर असतील. त्याआधी झाकण बसवलंस तरी मी येणार आणि बोलणार, कारण पुढच्या गल्लीतली दोन चेंबरंही तुमच्या कागदावर बंद आहेत. तिथे मी तुला ‘अहो साहेब’ म्हणेन. वाईट वाटून घेऊ नकोस, वाटलं तर वाटू दे.

फक्त एक वाट मोकळी ठेवते. माझा नंबर पुकारायच्या आत तू स्वतः उभा राहून काय केलंस ते सांगितलंस, तर फोटो पिशवीतून बाहेर येणार नाही. मग फक्त झाकणांबद्दल बोलेन, आणि घरी येऊन तुला डाव्या हाताने ओवाळेन. निशाला यातलं काही बोलू नकोस. रांगोळी तिने चांगलीच काढली होती.

खाली सही केली आहे. वाकडी आहे, पण या वेळी माझ्याच नावाची आहे.

तुझी ताई,
इंदू

(तक्रारदार, क्रमांक अकरा)