थंडी रंगाला सोसत नाही

११ सप्टेंबर २०२४, बुधवार

काल लंडनला पार्लमेंटात मतदान झालं. हिवाळ्यात हीटरच्या बिलासाठी म्हाताऱ्यांना मिळायचा तो थंडीचा भत्ता गेला. जे अगदीच सरकारी मदतीवर जगतात त्यांचा तेवढा राहिला, बाकी सगळ्या म्हाताऱ्यांचा बंद. सकाळी पेपरवाल्याच्या दुकानात दुसरा विषय नव्हता. आपल्याच पक्षानं केलं याचं जास्त लागलंय. खाणीच्या गावात पोर जन्माला येतं ते याच पक्षाचं. पेपरवाल्यानं काचेवर निषेधाचा कागद लावलाय — अक्षरं डावीकडे सैल, उजवीकडे जागा संपली म्हणून चेंगरलेली. आधी पेन्सिलीनं आखून घ्यायला काय जातं?

शेजारच्या एनिडमावशीचाही गेला. नवऱ्याची, वॉल्टकाकाची, खाणीतली पेन्शन तिला येते. चिमूटभरच, पण त्या चिमटीमुळं ती मदतीच्या रेषेच्या वर जाते. "मेला तरी नडतोय बघ," म्हणाली आणि हसली. मला हसू आलं नाही. ऐंशी कधीच उलटली तिची, आणि छाती पहिल्यापासून नाजूक.

"मग यंदा हीटर?" मी विचारलं.

"स्वेटर आहेत की ढीगभर. मी काय नेश आहे?"

नेश. ज्याला थंडी सोसत नाही तो. शब्दकोशात हा शब्द 'जुना' म्हणून दिलाय. आमच्या गल्लीत अजून रोज वापरात आहे. इथल्या माणसाला चोर म्हटलं तर तो भांडेल. नेश म्हटलं तर सदरा काढून बर्फात उभा राहील. लहानपणी मी हातमोजे घालून शाळेत गेलो होतो, तेव्हापासून तिच्या लेखी मी नेश. आता अठ्ठावन्न वर्षांचा नेश.

१९ सप्टेंबर

आर्नल्ड लिम आला होता. खाणीत होता, आता खाणकामगारांच्या क्लबाचा सेक्रेटरी. चौकात निदर्शनं आहेत, फलक पाहिजे. आधी प्लास्टिकची अक्षरं कापणाऱ्या मशीनवाल्याकडे जाऊन आला असणार. तिथं जमलं नसेल म्हणून माझी आठवण. काम ते काम.

मजकुरावरून वाद. त्याला एका कापडावर अख्खं भाषण पाहिजे होतं. मी म्हटलं, चार शब्द. लांबून वाचता आले पाहिजेत, पळणाऱ्या बसमधून वाचता आले पाहिजेत.

"क्लेम, अरे फलक आहे तो. चर्चची कमान रंगवायची नाहीये."

"म्हणूनच. कमानीखालून माणूस सावकाश जातो."

चार शब्द ठरले: म्हाताऱ्यांना गारठवून मारू नका. मी अक्षरं कुठल्या शाळेत शिकलो नाही. लायब्ररीतली पुस्तकं आणि कबरींचे दगड, एवढेच माझे मास्तर. पण या जिल्ह्यात हातानं सरळ रेघ ओढणारा दुसरा दाखवा.

२८ सप्टेंबर, शनिवार

चौक भरला होता. एवढी माणसं खाण बंद झाली तेव्हा आली होती, त्यानंतर आजच. काठ्या, वॉकर, थर्मास. एनिडमावशी लग्नाची टोपी घालून आली. नगरसेवक पायरीवर उभा राहून कठीण निर्णय, कठीण निर्णय असं करत होता. मावशी सरळ पुढे गेली.

"राजा, कोट छान आहे तुझा."

तो म्हणाला, थँक यू.

"घरात पण घालून बसतोस? आम्ही बसतो."

सगळा चौक हसला. नगरसेवक पण हसला आणि मग हसायला नको होतं हे त्याच्या लक्षात आलं.

फलक छान दिसला. तिसऱ्या शब्दात दोन अक्षरांमधली जागा केसभर जास्त झालीय. कुणाला दिसली नाही. मला दिवसभर तीच दिसत होती.

संपल्यावर सगळे दोघं-तिघं करून क्लबात गेले. फलकाची गुंडाळी करायला मी राहिलो. दोन्ही टोकं एकट्यानं धरता येत नाहीत. एक टोक बाकाच्या पायाला बांधलं.

१४ ऑक्टोबर

पहिलं हिव. तिची-माझी भिंत एकच. हात लावून पाहिला — थंडगार. आई होती तेव्हा या दिवसांत ही भिंत तिकडून कोमट असायची, आई पाठ टेकून विणत बसायची.

संध्याकाळी सूप नेऊन दिलं. तासाभरात भांडं घासून परत, आत केकचा तुकडा. म्हणजे फिटंफाट. मी म्हटलं, माझ्याकडं येऊन बसत जा, माझा हीटर चालूच असतो.

"विधवा बाई आणि बिनलग्नाचा बाप्या? गल्लीला चर्चा पुरेल ईस्टरपर्यंत." मग हसायची थांबली. "दान नको रे, क्लेम. कशाचंच नको."

दार लावून घेतलं. जोरात नाही. पण लावून घेतलं.

१५ ऑक्टोबर

दिवसभरात कुणाशी बोललो नाही. दुधवाल्याला हात केला, एवढंच.

२२ ऑक्टोबर

जमलं! सगळं लिहून ठेवतो.

या गल्लीत कुणाला काही देता येत नाही. मागता मात्र येतं. हे मला आधी सुचायला हवं होतं. बेकरीवाल्या बाईची पाटी हातात आहे. मावशीकडं गेलो आणि अडचणीत असल्यासारखा उभा राहिलो.

"माझ्या पुढल्या खोलीत ओल आलीय, मावशी. पाटी वाळत नाही. तुझी पुढली खोली देशील?"

"तिथं कोण बसतंय? ने की."

"पण खोली गरम लागेल. रात्रंदिवस. थंडी रंगाला सोसत नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं. "नेश रंग आहे?"

"एकदम नेश."

खोकला येईपर्यंत हसली. मग म्हणाली, गरम करायची तर बिल कोण भरणार? मी ठणकावून सांगितलं — कामाचा खर्च कामावर. मीटर मी भरणार, नाहीतर पाटी दुसरीकडे नेतो. धंद्याचं बोलणं तिला लगेच पटलं. वॉल्टकाकाही असाच होता.

ओलीची गोष्ट खोटी, पण बाकी सगळं मी खरं सांगितलं, एखाद्या शिकाऊ माणसाला सांगावं तसं. ऊब एकसारखी पाहिजे. दार बंद पाहिजे, झोत नको. ओल्या ऑइलपेंटचा खरा वैरी म्हणजे धूळ. लोकरीचा एक तंतू बसला की अक्षर गेलं. दाराच्या फटीला ओला टॉवेल लावतात, तो धूळ धरतो. ती शाळेतल्या मुलीसारखी मान डोलवत ऐकत होती. बारकावा असला की खोटंसुद्धा उभं राहतं. हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. माझं मला उमगलंय.

आता तरी त्या खोलीत बसेल.

२३ ऑक्टोबर

पाटी रुंद, मागच्या दारातून वळत नाही. म्हणून तिनं पुढलं दार उघडलं. या गल्लीत पुढलं दार नवरीसाठी उघडतं नाहीतर शवपेटीसाठी. समोरून आर्नल्ड चालला होता, त्यानं टोपीच काढली. "कोण गेलं?"

"रंग आलाय," मावशी म्हणाली.

संध्याकाळी भिंतीला हात लावला. कोमट.

६ नोव्हेंबर

बेकरीची पाटी गेली. पुढची ऑर्डर नाही. बेकरीवाल्या बाईनं विचारलं, आणखी कुणी हातानं करून घेतं का हो हल्ली? मी म्हटलं, पुष्कळ.

रात्रीच्या जेवणाआधी एक जुनी फळी घासून काढली. 'हॅलम आणि मुली — टोप्या'. ते दुकान मी लहान असतानाच बंद पडलं. त्यांची पाटी मला आठवते, सोनेरी, काळ्या सावलीची. तशीच केली. मूळच्यापेक्षा सावली बरी जमलीय.

८ नोव्हेंबर

मावशीनं पाटी वाचली. "हॅलमच्या मुली? धाकटी मेली त्यालाही जमाना झाला."

"नातू करून घेतोय. आठवण म्हणून."

"बरंच काम मिळतंय तुला."

"हो."

"बरंय. चेहऱ्यावर दिसतं."

दारातच हात बांधून उभी होती, अंगात जाड कोट. आत्ताच बाहेरून आले, म्हणाली. खोली मस्त तापली होती, माझ्या कपाळाला घाम आला. मी पाटी टेकवली, तिनं लगेच दार ओढून घेतलं. "चल हो बाहेर, तुझ्या बुटांची धूळ." चांगली तयार झालीय!

२१ नोव्हेंबर

खाणीच्या कँटीनची पाटी केली. मग 'ओल्डरशॉ, पाट्या व अक्षरकाम' — माझीच, जी मी कधी लावली नाही. तिकडं नेताना अक्षरांची बाजू आत वळवून नेली.

तिचा रेडिओ संध्याकाळी मागच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतून ऐकू येतो. म्हणून हल्ली मीही माझ्या स्वयंपाकघरातच बसतो. शब्द कळत नाहीत. माणसांचा आवाज येतो तेवढा पुरतो.

७ डिसेंबर, शनिवार

वादळ. तरी दुसरी निदर्शनं झाली, क्लबातच. सह्यांचे गठ्ठे लंडनला जाणार. आर्नल्ड टेबलावर मूठ आपटत म्हणाला, नमवणार, त्यांना नमवणार. एका कोपऱ्यातून कुणीतरी पुटपुटलं, भत्ता गेला म्हणून अजून मेलंय का कोणी? पुढचा सबंध अर्धा तास त्या माणसाशी कुणी बोललं नाही. मग त्यालाच कुणीतरी बिअर आणून दिली. त्याचाही भत्ता गेलाच आहे.

मला उठून सांगावंसं वाटलं. तुम्ही सह्या गोळा करा. मी एका माणसापुरता कायदा फिरवला, डोक्यानं फिरवला. नाही सांगितलं. गल्लीत पोचलं असतं, तिच्या कानावर गेलं असतं. पण आर्नल्डनं विचारलं, मावशी कशी आहे? तेव्हा म्हटलं, तिची काळजी नको, तिचं घर गावात सगळ्यात गरम आहे. त्यानं भुवया उडवल्या.

२५ डिसेंबर

मावशी भाचीकडे, गेनरकडे, डर्बीला. भिंतीतून काही नाही.

२८ डिसेंबर

आली. मोजे विणून आणलेत मला, लाल. "नेश लोकांसाठी," म्हणाली. खोकतेय. गेनरकडं मुलांना सर्दी होती म्हणे. मी म्हटलं, पुढल्या खोलीत बस गरमात. "बसते, बसते," म्हणाली.

८ जानेवारी २०२५

बर्फ. सगळी गल्ली पांढरी. छपरांकडे बघितलं: ज्या घरात हीटर चालू, तिथलं बर्फ वितळून काळं छप्पर दिसतं. तिचं छप्पर पुढून काळं, मागून पांढरं. मागची बाजू उत्तरेकडची, ऊन लागत नाही.

नवी पाटी सुरू केली. या हिवाळ्यात पाट्या संपायला नकोत. बंद पडलेली दुकानं या गावात हवी तेवढी आहेत.

१० जानेवारी, शुक्रवार

रंग आणायला मॅन्सफील्डला गेलो होतो. परत आलो तो तिच्या दारासमोरच्या बर्फात ॲम्ब्युलन्सच्या चाकांच्या खुणा. समोरच्या बाईनं सांगितलं: पोस्टमननं मागच्या खिडकीतून बघितलं, खाली पडली होती, श्वास लागला होता.

संध्याकाळी गेनरचा फोन. न्यूमोनिया. ऑक्सिजन लावलाय. आणि म्हणाली, "डॉक्टर विचारतात, घरात हीटर नव्हता का? अंग बर्फासारखं पडलं होतं म्हणे."

मी म्हटलं, अशक्य. मी स्वतः बघितलंय, परवापर्यंत. खोलीत घाम येतो. मी मीटर भरतोय. गेनर म्हणाली, तुमचे उपकार आहेत क्लेम, तुम्ही होतात म्हणून बरं. मी म्हटलं, उपकार नाही, कामाचा खर्च.

बर्फात जमिनीवर पडून राहिली असेल, म्हणून थंड. डॉक्टर घरी येऊन थोडेच बघतात. ऊब नसती तर काल-परवाच गेली असती. एवढं तरी माझ्या हातून झालं.

पण समोरची बाई म्हणाली, खिडकीतून बघितलं. म्हणजे घरातच पडली होती.

१२ जानेवारी, रविवार

गेनरनं मावशीचा चष्मा मागितलाय. किल्ली माझ्याकडे असते. पुढलं दार उघडलं, ऊब तोंडावर आली. सोफ्यावर ऑक्टोबरात घातलेली पांढरी चादर तशीच, एक चुणी नाही. चष्मा तिथं नव्हता.

चष्मा स्वयंपाकघरात होता. चुलीजवळ ओढलेल्या खुर्चीवर, कोट आणि दोन घोंगड्यांच्या खाली. रेडिएटर बंद — कामाचा खर्च वाढू नये म्हणून असणार. माझ्या श्वासाची वाफ दिसत होती. मधल्या दाराच्या फटीला टॉवेलाची वळकटी, स्वयंपाकघराच्या बाजूनं, नीट दाबून बसवलेली. अजून ओलसर.

पाट्या उजेडात धरून बघितल्या. एका अक्षरावरही धुळीचा कण नाही.