कंपनीचा हुकूम

आबा, आज सकाळी आईने माझ्या तळहातावर दही ठेवलं आणि तुम्ही आठवलात. रजा संपवून पलटणीत निघताना ती तुमच्याही हातावर असंच ठेवायची. गेली काही वर्षं मी कोरेगावजवळच्या आपल्या घरातूनच पुण्याच्या कंपनीचं काम करतोय, माडीवर लॅपटॉपसमोर बसून. तरी ती रोज जिन्याखाली दही घेऊन उभी. ‘घरातच तर बसतोय की गं,’ म्हटलं की म्हणायची, ‘डुटी ती डुटी. मुकाट चाट.’

मध्यंतरी कंपनीने कळवलं, घरूनच काम करायचं तर पगार कमी होईल. पूर्ण हवा असेल तर पुण्याच्या ऑफिसात या. निवड माझी होती. मुलं मार्गी लागलीत, गरज म्हणावी अशी नाही. आई गाव सोडून यायची नाही, हेही ठाऊक होतं. देवापुढे बसलो, पण त्याला काही विचारलं नाही. माझं जायचं आधीच ठरलं होतं. आईला मात्र म्हणालो, ‘कंपनीचा हुकूम हाय.’ फौजीची बायको ती. ‘हुकूम हाय तर जायाच पायजे,’ म्हणाली आणि माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटायला बसली. भांडली असती तर बरं झालं असतं.

मी शाळेत असताना तुम्ही बढती सोडून, लहानशा पेन्शनवर घरी आलात. त्या दिवशी तुम्ही गोठ्यापुढे कडबा तोडताय, आणि मी तावातावाने म्हणतोय, ‘दुसऱ्यांचे वडील सुभेदार झाले. तुमी काय मिळवलं?’ मला वाटतं, आता मार बसणार. तुम्ही हसता. ‘गड्या, तुझ्या आईच्या शिव्या हितं रोज ताज्या मिळत्यात. ह्यो भत्ता कुठली पलटण देती?’ आतून आई ओरडते, ‘आवं, च्या निवतोय, भत्ता घ्या!’

तेव्हा मला ते हरलेल्या माणसाचं बोलणं वाटलं होतं.

हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवणार होतो. पण फोटो आई रोज पुसते, आणि तिला वाचता येतं. तुमची पत्रं दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावी लागू नयेत म्हणून तुम्हीच तिला रजेत शिकवलंत. तेव्हा बॅगेत, चटणीच्या डब्याखाली घालून घेऊन चाललोय.