रेघेला हात

ॲल्डरफर्ड, ९ नोव्हेंबर २००८

प्रिय क्लेम,

टास्मानियात तुमचा उन्हाळा येऊ घातला असेल. इथे सेव्हर्न धक्क्याच्या तिसऱ्या पायरीवर आहे. नदीची काळजी करू नकोस, तिला काय धाड भरली आहे. वरच्या आळीतले लोक आपल्या धक्क्यावाल्यांना अजून 'ओले पाय' म्हणतात. परवा मिसेस टिलीनं पोस्टात सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं हेस्टर, पियानो माडीवर चढवलास का यंदा?" मी म्हटलं, "चढवलाय. पाणी आलं की ये वाजवायला, पोहत."

काल 'सामन' पबच्या भिंतीपाशी बराच वेळ उभी होते. १७९५च्या पुराची ती रेघ मान वर करून पाहिली की बहात्तराव्या वर्षीही माझ्या अंगावर काटा येतो. आता चिमण्या बसतात तिथे नदी उभी होती. आपलं स्वयंपाकघर, माडी, सगळं त्या तपकिरी पाण्याच्या पोटात होतं, आणि लोकांनी होड्या चर्चच्या खिडक्यांना बांधल्या होत्या. तीन दिवसांनी ती उतरली आणि काही घडलंच नाही अशी पात्रातून वाहू लागली. हे मला कधी कुणाला नीट सांगता आलं नाही.

मेमधल्या जत्रेत पोरांना बापाच्या खांद्यावर चढवून रेघेला हात लावायला सांगायचे, आठवतं ना? दीडशे वर्षांत एकाचाही हात पोचला नव्हता. शेहेचाळीस साली तूही हरलास आणि घरापर्यंत रडत आलास. मग सत्तेचाळीसच्या मार्चमध्ये बर्फ वितळून पूर आला, त्या भिंतीचा वरचा भाग कोसळला आणि बाबांनी तो जत्रेआधी घाईघाईनं बांधून काढला. त्या जत्रेत तुझा तळवा रेघेवर टेकला. बेकरीवाल्या मिस्टर प्रॉबर्टनी रेशनच्या कूपनवर मिळणाऱ्या पिठातून तुझ्यासाठी बक्षिसाचा मनुकांचा पाव भाजला होता. पुढच्या वर्षी आणखी चौघांचे हात पोचले, तेव्हा ते वैतागून म्हणाले, "शाळेत फुकट दूध पाजतात, त्यानं पोरं ताडमाड वाढतायत. माझं दिवाळं निघणार." सगळं गाव हसलं. बाबा तेवढे हसले नव्हते.

क्लेम, दूध नव्हतं ते. बरेचसे दगड नदीनं नेले होते, युद्धानंतर नवे मिळत नव्हते, म्हणून बाबांनी दोन थर कमी रचले. रेघेचा दगड त्यामुळे दोन फूट खाली आला. घाईत त्यांच्या ते ध्यानातच आलं नाही. तू खांद्यावरून "लागला, बाबा, लागला" असं ओरडलास, तेव्हा आलं. शेवटच्या आजारपणात त्यांनी मला सांगितलं, "गावासमोर त्याच्या हातातला पाव काढून घ्यायला मन होईना गं. नंतर रोज उशीरच होत गेला." एकोणतीस वर्षं मीही तोंड उघडलं नाही. गावातल्या प्रत्येक भिंतीत बाबांचा हात आहे आणि त्यांच्या कामाला कुणी नाव ठेवलेलं मला ऐकवत नाही.

पण गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातल्या पुरानंतर आता धक्क्यावर पूरभिंत बांधणार आहेत. रॉबिना नावाची एक हुशार इंजिनीअर मुलगी आली, तिनं रेघेपर्यंत फीत लावली आणि म्हणाली, "हिच्यावर एक फूट ठेवू, म्हणजे तुम्ही निर्धास्त." मी तिला चहा पाजला आणि मान डोलावली. त्या रात्रीपासून मला झोप नाही. खरी नदी त्या भिंतीवरून फूटभर उंच येईल, आणि धक्क्यावर आता एकवीस लेकरं आहेत.

डिसेंबरच्या सभेत मी उभी राहून सगळं सांगणार आहे. तू नातवंडांना रंगवून सांगतोस ती गोष्ट मी मोडते आहे. रागाव माझ्यावर, पण तुला हे परक्याकडून कळायला नको होतं. आणि नुसतं म्हातारीच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? पुरावा तुझ्या जेवणघरात टांगलेला आहे. शेहेचाळीस सालचा तो फोटो, ज्यात तू बाबांच्या खांद्यावर टाचा उंचावून रडवेला झाला आहेस, तो काढून पाठव. त्यात तुझी बोटं आणि ती रेघ यांच्यामध्ये जेवढी जागा उरली आहे, तेवढी भिंत आम्हाला अजून हवी आहे.

तुझीच,
हेस्टर