नव्या बेसची पारख

११ एप्रिल २००९

काल वढाव गावच्या हळदीत पुन्हा झटका! उजव्या हाताची दोन बोटं अजून माझी वाटत नाहीत.

हळद रंगात आली होती. पोरं धुरळा उडवत होती. मी बेस गिटारच्या तारेवरून हात काढला आणि बेस थांबला. पोरं थांबली नाहीत. फक्त शांतीनं मागे वळून पाहिलं. गाणारीला कळतं – पायाखालचं काहीतरी गेलं की कळतं.

नंतर टेम्पोत काळुराम म्हणाला, "मास्तर, गिटार हाय का इजेचा खांब? नवी घ्या. नायतर आमच्या गोविंदाचा डावा हात रिकामाच असतो." पार्टी काळुरामची, बेंजोही तोच वाजवतो. गोविंदा कीबोर्डवर. त्यानं डावा हात वर करून सगळ्यांना दाखवला. सगळे हसले. मीही.

१२ एप्रिल

कीबोर्डच्या खालच्या पट्ट्यांवर डाव्या हातानं बेस काढता येतो. बऱ्याच पार्ट्यांनी बेसवाला काढून टाकला आहे. आमच्यात मी अकरा वर्षं आहे.

शाळेत मराठी शिकवतो. वर्गात मी नसलो तर दुसरा कोणी तास घेतो, मुलांना फरक पडत नाही. मांडवात फरक पडतो असं मी धरून चाललो आहे.

१६ एप्रिल

पनवेलचं दुकान. भिंतीवर सात बेस. मी यादी करून नेली होती – भरवशाची, जड नसलेली, खाडीच्या हवेत न गंजणारी, झटका न देणारी. दुकानदार म्हातारा आहे. यादी वाचून म्हणाला, "बायको बघताय की गिटार?"

पहिली वाजवली. आवाज सुंदर. पाठीमागे बॅटरीचं खोकं. बॅटरी गाण्याच्या मध्येच संपली तर? "तर बदलायची," तो म्हणाला. मांडवात, दोनशे माणसांसमोर, स्क्रू काढत बसायचं. नको.

दुसरीची मान वाकलेली. डोळ्याला दिसत नव्हती. त्यानं दाखवलं – गिटार बंदुकीसारखी धरायची आणि मानेवरून एका डोळ्यानं पाहायचं. मग मानेवरच्या प्रत्येक पडद्यावर, म्हणजे धातूच्या आडव्या पट्टीवर, प्रत्येक तार. कुठे भुणभुण येते का ऐकायचं. एक तास गेला. तो कंटाळला नाही.

"नाव बघू नका," म्हणाला. "वायर खोचतात ती जागा हलवून बघा. बेस मरतो तो तिथं मरतो."

सातही हलवून पाहिल्या. दोन बऱ्या. घेतली एकही नाही.

"झटका कुठली देत नाही?"

त्यानं माझी यादी घडी घालून परत दिली. "मी दुकानात बसतो, साहेब. मला कोणतीच देत नाही."

१७ एप्रिल

दोनपैकी कोणती? दिवसभर हेच. निबंध तपासताना एका मुलाच्या वहीत मी समासात चार तारा काढल्या. खोडल्या.

२० एप्रिल

काळुरामचा फोन. पाच मेला रोह्याजवळच्या अष्टमी गावात हळद आहे. मोठं घर आहे, रोह्याच्या बाजारातले लोक येणार. "तवर तुमचं काय ते नक्की करा, मास्तर." तुमचं म्हणाला. गिटारचं म्हणाला नाही.

२२ एप्रिल

घेतली. चार तारा, बॅटरी नाही, दोन बटणं. रंग तपकिरी. काळा हवा होता. मान सरळ. खुंट्या घट्ट. वजन खांद्याला जाणवतं, पण छळत नाही. म्हातारा म्हणाला, "ही तुमच्या नंतरही वाजेल."

असं का म्हणाला?

२३ एप्रिल

घरी दोन तास वाजवली. झटका नाही!

२५ एप्रिल

बाबाजी आला होता. शेजारी राहतो, डोलवीला कंपनीत ठेकेदाराकडे वायरमन आहे. नवी गिटार पाहायला आला आणि पाहत बसला अँपचा, म्हणजे अँप्लिफायरचा, प्लग.

"तिसरी पिन कुटं गेली?"

कापली, म्हणालो. मांडवातल्या बोर्डांना बहुधा दोनच भोकं असतात. तिसरी पिन आडवी येते. सगळ्या पार्ट्या कापतात. पक्कड लागते आणि अर्धं मिनिट.

"कापली कुनी?"

"मी."

तो हसला नाही. मग सावकाश सांगितलं. जाडी पिन म्हणजे अर्थिंग. अँपच्या पत्र्यात वीज उतरली तर तिला जमिनीत जायला ती वाट. वाट कापली की ती तिथंच थांबते. वायरीतून गिटारच्या तारेत येते. तिथून माणसात – माणूस ओल्या जमिनीवर असला तर त्याच्यातून खाली.

"घरात झटका आला नाही."

"पायात रबरी चपला हायत तुमच्या. मांडवात कसे असता?"

मांडवात आम्ही अनवाणी असतो. देवक बसलेलं असतं. चपला बाहेर.

"मग जुनी गिटार?"

"गिटारीला काय समजतंय, मास्तर," बाबाजी म्हणाला आणि चहा प्याला.

२६ एप्रिल

दोन आठवडे मी मान, खुंट्या, पडदे पाहत होतो. जुनीला दोष देत होतो. दोषी असलेली गोष्ट भिंतीपाशी होती, माझ्याच हातानं कापलेली पिन.

२७ एप्रिल

बाबाजीनं नवा प्लग लावून दिला. पण एवढ्यानं भागत नाही. मांडवात जनरेटर असतो, बोर्ड तेच असतात. हातभर लोखंडी सळई ओल्या जमिनीत ठोकायची आणि वायरीनं अँपचा पत्रा तिला बांधायचा. मग काही होत नाही. सळई आणि वीस हात वायर त्यानंच दिली.

तालमीत सांगितलं. काळुराम म्हणाला, "आता शेळी पन आना बांधायला." गोविंदा म्हणाला, "आमाला कदी लागला नाय झटका. मास्तरांचं रगत पातळ हाय." शांती म्हणाली, "हसू नका रं. मला पन मागं माइकला ओठ लागला तवा झिनझिनलंय." काळुराम: "तू तर गो, लिपस्टिक कमी लाव." पुन्हा हसले.

मला पुढे बोलता आलं असतं. गोविंदाचा डावा हात पट्ट्यांवर होता. सहज ठेवलेला.

१ मे

शाळेत झेंडावंदन. घरी आलो तर ओट्यावर रबरी चटई. काळी, जाड, नालीदार. कंपनीत विजेच्या पॅनलपुढे अंथरतात तसली, जुनी झाली म्हणून टाकून दिलेली. बाबाजी म्हणाला, "सळई ठोकायला नायच जमलं तर निदान हिच्यावर उभं ऱ्हावा."

एकच आहे. एक माणूस मावतो.

४ मे

उद्या अष्टमी. सळई, वायर, चटई – सगळं पिशवीत. तीनदा पाहिलं.

६ मे

लिहिलं पाहिजे. जसं झालं तसं.

नागोठण्यावरून रोह्याला पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. पूल ओलांडून अष्टमीत. अंगण शेणानं सारवलेलं, नुकतंच. नवरदेवाला एकदा हळद लावून न्हाऊ घातलं होतं. पाणी मांडवभर पसरलेलं. मी सळई काढली. नवरदेवाची आजी, धोंडुबाई, खांबापाशी बसली होती. "ह्ये काय रं?" मी सांगू लागलो. तिनं ऐकलं नाही. "देव बसलाय मांडवान. आता भुईत लोखंड नाय ठोकायचं. अन् चपला काडा आदी."

काळुराम दातांतल्या दातांत म्हणाला, "मास्तर. लोकांसमोर नको."

मांडवाबाहेर जमीन होती. भाताचं खाचर, कुंपणापलीकडे. वायर पुरली असती. दहा मिनिटांचं काम. मी सळई पिशवीत ठेवली.

चटई अंथरली. तिच्यावर उभा राहिलो.

बेस असा कधी वाजला नव्हता. भरीव, स्वच्छ. एकही तार भुणभुणली नाही. पहिल्या दोन गाण्यांत मी भीती विसरलो – हे लिहितानाही खरं आहे. रोह्याचे लोक नाचत होते. काळुरामनं मान डोलावून माझ्याकडे पाहिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

शेवटच्या कडव्याला शांती माझ्या बाजूला येते आणि गिटारचं डोकं धरून डोलते. लोकांना आवडतं. तिचे पाय अनवाणी, ओले. मी तिला येताना पाहिलं. एक पाऊल मागे सरलो असतो तर पुरलं असतं. पण मागे चटई संपत होती.

तिचा हात खुंट्यांवर पडला. सुटेना. तोंड उघडं, गाणं नाही. मला काही झालं नाही. मला काहीच झालं नाही! कोणीतरी जनरेटर बंद केला. ती पडली. मनगट मोडलं, तळवा भाजला. श्वास चालू होता.

अंधारात धोंडुबाई म्हणत होती, "पोरीला घरान न्या, पोरीला आदी घरान न्या."

७ मे

रोह्याच्या दवाखान्यात गेलो. शांती शुद्धीवर आहे. हाताला प्लास्टर. डॉक्टर म्हणतात, जीव वाचला, परवा सोडतील.

काळुराम खाटेपाशी होता. मी आत गेलो तसं शांतीच बोलली, माझ्याकडे न पाहता – "नवी गिटार खराब निगाली, काळूदादा. दुकानदारानं फसवलं मास्तरांना."

काळुराम माझ्याकडे वळला. "व्हय का, मास्तर? गिटारच ना?"

"हो," मी म्हणालो.

इतकं सोपं होतं.

८ मे

काळुराम सांगतो गिटार परत करा. तेराला वडखळची हळद आहे, शांतीऐवजी तिची धाकटी बहीण जनी गाणार. "गिटार बदलली की भ्यायचं कारन नाय."

गिटार भिंतीशी उभी आहे. मान सरळ. हिच्यात काही दोष नाही.

९ मे

जनी आली होती. एकोणीस वर्षांची. दारातूनच विचारलं, "मास्तर, ताई कुटं उभी ऱ्हायची? मी पन तितंच ऱ्हाते."

तिला आत बसवलं आणि सगळं सांगितलं. पिन, सळई, खाचर, चटई. काहीच वगळलं नाही.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताईला म्हाईत हाय. ती म्हनली, मास्तर चटईवर उभं व्हते, मंजे झटका येनार ह्ये त्यांना आदीच समजलेलं. काळूदादाला सांगू नको म्हनली. सांगितलं तर मास्तरांची जागा जाईल."